श्रीपादरावांची डेव्हिएशन नोट

श्रीपादरावांनी माझे सात रविवार खाल्ले. मोजून सात. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलंय आणि गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये, हे मलाही कळतं. पण ते असते तर त्यांनीच मला दुरुस्त केलं असतं, की सात नव्हे, साडेसहा. कारण एका रविवारी दुपारी तुम्ही झोपायला गेला होतात.

म्हैसूरच्या सरस्वतीपुरममध्ये आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान अजून टेम्पोतून उतरत होतं. मी तेवढ्यात दाराशेजारी नावाची पाटी ठोकून घेतली होती. शेजारच्या घरातून इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक उंच गृहस्थ आले, त्यांनी खिशातून गवंड्याकडे असते तशी छोटी पाणसळ काढली, ती माझ्या पाटीवर ठेवली आणि त्यातल्या बुडबुड्याकडे बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, की डावीकडून स्वल्प खाली आहे. स्वल्प म्हणजे किती, असं मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं. दोन एमएम, ते म्हणाले, आणि नाव न सांगता निघून गेले. बायको, मेधा, टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होती. ती म्हणाली, हा काय प्रकार आहे. मी म्हटलं, असेल कोणीतरी, आपल्याला काय करायचंय. दोन दिवसांनी मी मुकाट्यानं पाटी काढून पुन्हा लावली, कारण जाता-येता मलाही ती तिरकी दिसायला लागली होती.

श्रीपादराव मेटगळ्ळीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग ड्रॉइंगशी ताडून बघायचा, जुळला तर पास, नाही तर परत. घराणं चार-पाच पिढ्यांपासून म्हैसूरचं. घरात मराठी, पण त्या मराठीत अर्धं कन्नड मिसळलेलं, आणि ‘मी सांगितलो’, ‘मी विचारलो’ असं बोलणं. मला ते पुणेकर म्हणत. मी साताऱ्याचा आहे, हे मी त्यांना किमान पंचवीस वेळा सांगितलं असेल. बेळगावच्या पलीकडे सगळं पुणंच, अशी त्यांची समजूत होती आणि ती त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही.

कुठल्याही गोष्टीवर त्यांचा एकच प्रश्न असे: ड्रॉइंगमध्ये आहे का? मेधानं एकदा उपम्यात मटार घालून त्यांच्याकडे बशी पाठवली. बशी धुऊन परत आली आणि सोबत निरोप, की उपमा छान, मटार ड्रॉइंगमध्ये नाहीत. मेधानं रागानं महिनाभर काही पाठवलं नाही. तर हे गृहस्थ स्वतः विचारायला आले, की पुरवठा का थांबलाय.

कारखान्यात त्यांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. एखादा भाग ड्रॉइंगप्रमाणे नसतो, पण काम भागण्यासारखा असतो. अशा वेळी एक चिठ्ठी करतात. फरक काय, तो का चालवून घ्यायचा आणि किती दिवस, हे लिहायचं, आणि तपासणाऱ्यानं खाली सही करायची. तिला डेव्हिएशन नोट म्हणतात. श्रीपादरावांनी तीस वर्षांत अशा एकाही नोटेवर सही केली नव्हती. साहेबांनी हात जोडले, माल दारात अडकला, तरी नाही. फारच गळ घातली तर ते रजा टाकून घरी बसत आणि सही दुसऱ्यानं करावी लागे. हे ते मोठ्या अभिमानानं सांगायचे. वर म्हणायचे, की कालावधी लिहिल्याशिवाय डेव्हिएशन द्यायचंच नाही, नाही तर तेच ड्रॉइंग होऊन बसतं. असल्या माणसाबरोबर मला फोन घेण्याच्या भानगडीत पडायची वेळ आली, म्हणजे बघा.

फोन त्यांच्यासाठी नव्हताच. तो होता अक्कांसाठी.

अक्का त्यांची थोरली बहीण. हुणसूर रस्त्यावर येलवालला नवऱ्याच्या मागं एकट्या राहायच्या. वय ऐंशी, दृष्टी जवळजवळ गेलेली. उजेड-अंधार कळे, बाकी सगळं हातानं. शेजारची मंजुळा दोन वेळा डबा द्यायची. श्रीपादरावही एकटेच होते, बायको जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती. मग बहिणीला इकडे का नाही आणत, असं मेधानं एकदा विचारलं. तर म्हणे, अक्का येत नाही. तिला सूचना आवडत नाहीत.

तर रोज सकाळी साडेसहाला अक्कांनी त्यांना फोन करायचा, असा नियम होता. साधा नाही, व्हिडिओ. मी आधी साध्या बटणांचा फोन सुचवून पाहिला होता. तो त्यांनी उडवून लावला. आवाजावर भरवसा नाही, म्हणाले, ताप असला तरी बरी आहे म्हणते. तिला मी दिसायची गरज नाही, मला ती दिसली पाहिजे. आता यातली गंमत अशी, की अक्का फोन नेहमीच्या सवयीनं कानाला लावायच्या. त्यामुळे श्रीपादरावांच्या पडद्यावर रोज सकाळी एक कान यायचा. नुसता कान, वर चार पांढरे केस. पण त्यांना तेवढं पुरे. अक्का आंघोळ झाल्यावर कानात कुड्या घालायच्या. कुडी दिसली म्हणजे उठली, आंघोळ झाली, ठीक आहे. कुडी नसली, की हे तडक स्कूटर काढून येलवालला. बोलणं सगळं मिळून दहा सेकंदांचं. “उठलीस?” “उठले.” “आयतु.” आयतु म्हणजे झालं. या दहा सेकंदांसाठी माझे सात रविवार गेले.

अक्कांना पडदा दिसत नाही, मग बोट बरोबर जागी पडायचं कसं? यावर श्रीपादरावांनी कारखान्यातला उपाय काढला होता. एकाच जागी शंभर भागांना भोक पाडायचं असेल, तर वर एक पक्की पट्टी बसवतात, म्हणजे ड्रिल इकडेतिकडे जातच नाही. तिला जिग म्हणतात. तसली जिग त्यांनी फोनला केली. पडद्यावर बसणारी पट्टी आणि तिला एकच भोक. भोकात बोट घातलं, की खाली त्यांच्या नावाचा चौकोन. त्या चौकोनाला बोट लागलं, की थेट व्हिडिओ कॉल, एवढी सोय मी करून दिली होती. पहिली जिग पितळेची होती. घासूनपुसून आरशासारखी केलेली. ती बसवल्याबरोबर फोन पिसाळला आणि त्यानं आपल्या मनानं मेधाला तीनदा फोन लावला. पडद्याला धातू चालत नाही, हे मी आधीच सांगितलं होतं. पण मी सांगितलेलं त्यांना तपासून घ्यायचं होतं. दुसरी जिग त्यांनी स्विचबोर्डला लावतात त्या बेकलाइटच्या जाड पत्र्याची केली. ती मात्र दीड वर्ष चालली.

मग त्या फोनवर एक अपडेट आलं. फोनच्या कंपनीनं कोणाला न विचारता बातम्यांचं एक पान आणून सगळ्यांत पुढं ठेवलं. अक्कांनी सकाळी भोकात बोट घातलं आणि एक पुरुष हिंदीत बातम्या द्यायला लागला. अक्कांनी त्याला, धाकटा भाऊच समजून, दोनदा विचारलं, की तम्मा, बरं नाही का तुला. उत्तर हिंदीतच आलं. इकडे साडेसहा वाजून गेले, सातला पाच कमी झाले, तसे श्रीपादराव बाहेर पडले. मी दुधाची पिशवी घ्यायला फाटकात होतो. हेल्मेटशिवाय गल्लीच्या तोंडापर्यंतसुद्धा स्कूटर न नेणारा तो माणूस तसाच, उघड्या डोक्यानं गेला. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू आली नाही.

अक्का अंगणात बसून कॉफी पीत होत्या. हिंदी कधी शिकलास, म्हणून त्यांनी भावाला विचारलं.

ते पान मी बंद करून दिलं. पण थोड्याच दिवसांत फोनची बॅटरी फुगली, मागचं झाकण उचललं आणि जिग नीट बसेना. नवा फोन घेणं भाग पडलं. आणि श्रीपादरावांनी डोक्यात घेतलं, की नवा फोन कोरा पाहिजे. फोनचं मूळ सॉफ्टवेअर ज्यानं लिहिलं, त्यानं दिलंय तेवढंच. वर फोनच्या कंपनीनं केलेली नटवानटवी बेडा म्हणजे बेडा, अजिबात नको.

इथून माझे रविवार जायला लागले. शहरातलं एक दुकान आम्ही सोडलं नाही. ते एक छापील तक्ता घेऊन यायचे. एका रकान्यात ‘ड्रॉइंगप्रमाणे’, दुसऱ्यात ‘जादा’. प्रत्येक फोन हातात घेऊन त्यातलं एकेक चित्र दाबायचं आणि काउंटरवरच्या मुलीला विचारायचं, की हे कोण मागितलं होतं. हवामान सांगणारी दोन, फोटो ठेवायची दोन, खरेदीची तीन, आणि कुंडली बघायचं एक. हे काढता येतं का? मुलगी म्हणायची, बंद करता येतं सर, काढता येत नाही. नोडी पुणेकर, ते माझ्याकडे वळायचे, भाडेकरू घरात आणि किल्लीही त्याच्याकडेच. मागं गिऱ्हाइकं ताटकळलेली. मी चपलांकडे बघत उभा. एका दुकानात तर आम्हाला पाहिल्याबरोबर ती मुलगी जेवायला निघून गेली. सकाळचे साडेदहा वाजले होते.

शेवटी मीच वैतागून निकाल दिला. पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली आहेत, म्हटलं, माझं ऐका. कोरं सॉफ्टवेअर असलेला हा फोन घ्या. स्वच्छ आहे, हलका आहे, कोणी मध्ये नाक खुपसणार नाही. डोळे मिटून घ्या. त्यांनी खरोखरच भर दुकानात डोळे मिटले आणि अंगठ्यानं पडदा चाचपत पाच मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, ठीक. फोन घेतला. नवी जिग घासायला आणखी दोन रविवार, तेही मी समोर बसून, कारण भोकाखाली चौकोन नेमका मध्ये येतोय का, हे दोघांनी बघायचं असतं म्हणे.

आम्ही येलवालला गेलो. अक्का ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी फोन मांडीवर घेतला, जिगची कड बोटानं चाचपली, भोक सापडलं, बोट आत ठेवलं. ठेवलं ते ठेवलंच. त्या बोट टेकवून खात्री करून घेत होत्या. आणि बोट जास्त वेळ टेकलं, की त्या फोनवर चौकोन जागचा सुटतो. मग हात थरथरला, की सरकतो. सरकला तो गेला कोपऱ्यात. मी परत आणून ठेवला. पुन्हा गेला. तिसऱ्यांदा गेला. मी सेटिंग्ज पालथी घातली. चौकोन एका जागी बांधून ठेवायची सोय त्या स्वच्छ, हलक्या, कोऱ्या फोनमध्ये कुठंच नव्हती.

मी म्हटलं, “अक्का, बोट जरा पटकन उचला.”

“ऐंशी वर्षं झाली,” अक्का म्हणाल्या, “आता काय पटकन उचलू?”

मग मला सुचलं आणि मी तो फुगलेला जुना फोन उघडून पाहिला. त्यात होतं. ‘मांडणी कुलूपबंद ठेवा’ अशी एक ओळ, आणि ती चालू. म्हणून तर दीड वर्ष चौकोन हलला नव्हता. ही सोय मूळ सॉफ्टवेअरमधली नव्हती. ती फोनच्या कंपनीनं आपल्या डोक्यानं, कोणी न मागता, त्या कुंडलीच्या आणि खरेदीच्या गर्दीत घातलेली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. श्रीपादराव आता काय बोलतील, याची मी तयारी करत होतो. माझ्या पंधरा वर्षांचा उद्धार होणार, हे ठरलेलं होतं. येलवालहून निघताना स्कूटरला किक मारायच्या आधी फक्त म्हणाले, “चूक माझी आहे, पुणेकर. वापरणारीचं बोट बघितलो नाही आणि भाग पास केलो. तीस वर्षांत असं केलो नव्हतो.”

त्यांचा चेहरा इतका उतरला होता, की मला त्यांचा रागही येईना. त्यापेक्षा त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही त्या जेवायला गेलेल्या मुलीच्याच दुकानात गेलो आणि जुन्याच कंपनीचा, नटवलेला फोन घेतला. मी बातम्यांचं पान बंद केलं, मांडणीला कुलूप लावलं, अपडेट माझ्या हातात ठेवलं. कुंडली जाईना. संध्याकाळी श्रीपादराव माझ्याकडे आले ते एक कागद घेऊन. वर इंग्रजीत ठळक ‘डेव्हिएशन नोट’ आणि खाली, माझ्यासाठी म्हणून, मोडक्या देवनागरीत मजकूर. भाग: अक्काचा फोन. फरक: कोरा नाही. अकरा ॲप जादा, काढता येत नाहीत. फोन उघडला की रोज नवीन डोंगर दिसतो. कारण: बोट. कालावधी: अक्का आहे तोवर. खाली त्यांची सही होती. आयुष्यातली पहिली. साक्षीदार म्हणून मला सही करायला लावली आणि माझी सही रेघेच्या खाली गेल्याचं दाखवून दिलं.

त्यानंतर चार-पाच महिने सुखाचे गेले. भिंतीपलीकडून रोज साडेसहाला ते ‘उठलीस?’ आणि ‘आयतु’ ऐकू यायचं आणि मी कूस बदलून पुन्हा झोपायचो.

मग त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. ठरलं, हे आम्हाला आदल्या दिवशी कळलं. त्या दिवशी ते येलवालला जाऊन आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी बाहेर काढली, तर माझ्या गाडीत बसायला तयार नाहीत. चाकांचं अलाइनमेंट बरोबर नाही म्हणे. डॉक्टर छाती उघडणार होते आणि याला माझी चाकं दिसत होती. रिक्षा बोलावली. मी आणि मेधा मागून येणार, असं ठरलं. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. मांडीवर अक्कांचा फोन होता, जिगसकट. साफ करायला आणलाय, आज दुपारी येलवालला पोचवा, म्हणाले. आणि त्याआधी तपासा.

“आता?” मी म्हटलं. “श्रीपादराव, तिकडे डॉक्टर थांबलेत.”

“डोळे मिटा आणि बोट ठेवा.”

रिक्षावाला आरशातून बघत होता. मी वैतागून डोळे मिटले, भोक चाचपलं, बोट ठेवलं. आणि माझ्या शर्टाच्या खिशातला फोन वाजायला लागला.

मी डोळे उघडले. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मान तिरकी करून खिशातली रिंग ऐकत होते, भाग पास करताना कारखान्यात ऐकत असतील तसे. चौकोनामागचा नंबर त्यांनी स्वतः बदलला होता. मी करताना पाहून शिकले होते. “आयतु,” ते म्हणाले आणि चार घड्या घातलेला एक कागद माझ्या हातात दिला. रिक्षा निघाली. गल्लीच्या वळणावर त्यांनी मागं वळून पाहिलं ते माझ्याकडे नाही. माझ्या दारावरच्या पाटीकडे. त्यानंतर दवाखान्यात मी त्यांना काचेतून पाहिलं, ते मी धरत नाही.

कागदावर लिहिलं होतं. भाग: सकाळचा फोन घेणारा. फरक: भाऊ नाही, शेजारी आहे. मराठी वेगळं बोलतो. सल्ला चुकतो, पण येतो. कारण: ऑपरेशन. कालावधी: मी परत येईपर्यंत.

तीन सकाळी साडेसहाला अक्कांचा कान माझ्या पडद्यावर आला, कुडीसकट. चौथ्या दिवशी ते गेले. दुपारी मी आणि मेधा येलवालला सांगायला गेलो. अक्का बराच वेळ जिगवरून बोट फिरवत राहिल्या. मग मेधाला म्हणाल्या, तुम्ही जेवून जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला. मी उठून बसलो. पडद्यावर एक कान होता, वर चार पांढरे केस. “उठलात?” मी विचारलं. “उठले,” अक्का म्हणाल्या, आणि ठेवून दिला.

कानात कुडी नव्हती. मी मेधाला हलवलं आणि गाडीची किल्ली शोधायला लागलो. रविवार होता.